आगीत जीव घेतो तो उशीर

आग लागली की माणसं भान हरपून धावत सुटतात आणि एकमेकांना तुडवतात, असं चित्र सिनेमांनी आपल्या मनात पक्कं बसवलं आहे. आगींचा अभ्यास करणाऱ्यांना बहुतेक वेळा याच्या उलट आढळतं: माणसं वेळेवर हलतच नाहीत. २८ मे १९७७ च्या रात्री अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ‘बेव्हर्ली हिल्स सपर क्लब’ पेटला, तेव्हा तिथल्या मोठ्या दालनात विनोदी कार्यक्रम रंगला होता. टेबलं आवरणाऱ्या १८ वर्षांच्या एका मुलानं रंगमंचावर जाऊन माइक हातात घेतला आणि दारं दाखवून सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. अनेकजण उठले, त्यांचे जीव वाचले. पण काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि ते बसून राहिले. त्या आगीत १६५ माणसं गेली.

बसून राहिलेल्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. धोका खरा आहे का, हे आपण आजूबाजूच्यांच्या चेहऱ्यावरून ठरवतो. लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फॉर्म भरायला बसवलेल्यांच्या खोलीत धूर सोडला होता. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर येऊन तो कळवला. धुराकडे दुर्लक्ष करणारे दोन साथीदार शेजारी असले, की फक्त १० टक्क्यांनी. प्रत्येकजण दुसऱ्याची शांतता पाहून शांत राहतो आणि मोलाची मिनिटं जातात. त्यात आपली माणसं सोडून कुणी निघत नाही, आणि निघालं तरी पाय वळतात ते आत आलेल्या दाराकडेच. २००३ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये इतर दारं असूनही बहुतेकजण मुख्य दाराकडे गेले. तिथे माणसांचा खच पडला. या आगीनं १०० बळी घेतले.

मग चेंगराचेंगरी होतेच ना, असं कुणी म्हणेल. होते; पण ती बहुधा शेवटच्या क्षणी होते, जेव्हा वेळ संपलेला असतो आणि सगळे एकाच वाटेवर लोटलेले असतात. म्हणून ‘लोक घाबरतील’ या भीतीनं आगीची बातमी दाबणं मला अक्षम्य वाटतं. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी प्रेक्षकांना सावध करणारी घोषणाच झाली नाही, आणि बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्यांनी अडवलेली होती. तिथे ५९ जण गेले. नुसती घंटा वाजवूनही भागत नाही, कारण ती चाचणीची असेल असं समजून लोक कामाला लागतात. आग कुठे आहे, कोणत्या जिन्यानं उतरायचं, हे माणसाच्या आवाजात स्पष्ट सांगायला हवं. आपल्या सोसायटीत, कार्यालयात, मंगल कार्यालयात हे कोण सांगणार, ते आजच ठरवून घ्या. आणि जिन्यातलं सामान हलवा.