स्कॅन नॉर्मल, तरीही डोके का दुखते?

सैन्यातून निवृत्त होऊन रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या गावी परतलेला एखादा जवान डोळ्यांसमोर आणा. पेन्शन आहे, थोडी शेती आहे, बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरीही मिळाली आहे. पण वरातीतला डीजे सुरू झाला की तो घरात जाऊन दार लावून घेतो. मळणीयंत्राच्या आवाजाने डोके ठणकते. रात्री झोप नाही, किराणा दुकानात गेल्यावर काय आणायचे ते आठवत नाही. 'हे आधी असे नव्हते, आता लगेच तापतात,' असे पत्नी सांगते. सीटी स्कॅन होतो, तो नॉर्मल येतो. मग गावात कुजबुज सुरू होते: दारूचा परिणाम असेल, नाहीतर काम टाळायचे बहाणे.

अशा वेळी एक प्रश्न विचारायलाच हवा. नोकरीत असताना कधी स्फोटाजवळ होतात का, गाडी उलटली होती का, डोक्याला मार लागून काही क्षण भान हरपले होते का?

मेंदूला बसलेला हादरा

डोक्याला जोराचा धक्का बसून मेंदूच्या कामात तात्पुरता बिघाड होतो, त्याला 'कन्कशन' म्हणतात. त्यासाठी बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचे फ्रॅक्चर दिसते. पेशींच्या पातळीवरचा सूक्ष्म बिघाड बहुधा दिसत नाही. म्हणून स्कॅन नॉर्मल आला तरी त्रास खरा असू शकतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. काहींची डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, विसरभोळेपणा आणि निद्रानाश मात्र महिनोन्महिने रेंगाळतो.

सैनिकांचे हे दुखणे जुनेच आहे. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' नियतकालिकात 'शेल शॉक' या नावाने त्यावर लिहिले होते. जानेवारी 2020 मध्ये इराकमधील अल-असद तळावर क्षेपणास्त्रे पडली, तेव्हा अमेरिकी सैनिकांपैकी कोणालाच इजा झाली नसल्याचे आधी जाहीर झाले. पुढे शंभराहून अधिक सैनिकांना मेंदूच्या दुखापतीचे निदान झाले.

बायोफीडबॅक म्हणजे काय?

हादऱ्यानंतर शरीराची स्वयंचलित चेतासंस्था अनेकदा सतत 'सावधान'च्या अवस्थेत राहते. नाडी जलद, मान-खांद्याचे स्नायू ताठ, श्वास उथळ. बायोफीडबॅकमध्ये बोटाला किंवा छातीला सेन्सर लावून नाडीचा आलेख पडद्यावर दाखवतात. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना कमी होते. श्वास मिनिटाला सुमारे 6 इतका संथ केला की हा चढउतार मोठा व लयबद्ध होतो आणि शरीराला शांत करणाऱ्या 'व्हेगस' मज्जातंतूचे काम सुधारते. रुग्णाला हे पडद्यावर स्वतःला दिसते, म्हणून तो ते शिकतो. काही ठिकाणी कपाळ किंवा मानेच्या स्नायूंचा ताण मोजूनही असेच प्रशिक्षण देतात. यात औषध नाही, विजेचा झटका नाही. यंत्र फक्त आरसा दाखवते, सराव रुग्णालाच करावा लागतो.

मात्र हा रामबाण उपाय नव्हे. मायग्रेन आणि तणावामुळे होणाऱ्या डोकेदुखीत बायोफीडबॅकचा उपयोग बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. कन्कशननंतरच्या तक्रारींवरचे अभ्यास अजून लहान आहेत. म्हणून झोपेची शिस्त, टप्प्याटप्प्याने व्यायाम, चक्कर येण्यावरची फिजिओथेरपी, गरजेनुसार औषधे आणि समुपदेशन यांच्या जोडीनेच तो वापरावा. युद्धातील आघाताचा मानसिक त्रासही याच लक्षणांनी दिसू शकतो. दोन्ही एकत्रही असू शकतात.

वाशिममध्ये काय करता येईल?

यंत्रासाठी मोठ्या शहरात जावे लागेल, पण श्वासाचा सराव घड्याळावरही होतो. ताठ पण सैल बसा. 4 सेकंद नाकाने श्वास घ्या, 6 सेकंद हळूहळू सोडा. सुरुवात रोज 5 मिनिटांनी करून हळूहळू 20 मिनिटांपर्यंत न्या. चक्कर आल्यास थांबा. फार खोल श्वास घेऊ नका. संथपणा महत्त्वाचा आहे. दारू बंद ठेवा, कारण ती झोप आणि स्मरणशक्ती दोन्ही बिघडवते. डोकेदुखीची गोळी मनाने रोज घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहते.

माजी सैनिकांना 2003 पासून सुरू असलेल्या 'ईसीएचएस' योजनेतून उपचार मिळतात. डॉक्टरांकडे जाताना दुखापतीची जुनी कागदपत्रे आणि सोबत घरचे माणूस न्यावे. स्वभावातला बदल अनेकदा त्यांनाच आधी जाणवतो. मन खचले असेल तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

डोकेदुखी वाढतच जाणे, वारंवार उलटी, झटका, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा गुंगी येणे यांपैकी काही दिसले तर श्वासाचा सराव करत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी साधा मारही अंगावर काढू नये.

फौजेत दुखणे लपवायची सवय लागते. गावी आल्यावर ती सोडायला त्या माणसाला घरच्यांची साथ लागते. 'नाटक करतो' म्हणण्याऐवजी 'चला, मी सोबत येते' एवढे म्हटले, तरी उपचाराची सुरुवात झाली.