सीतेशेजारी मेडेया

उंब्रजकरांना औंध काही लांब नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तिथे 1938 मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत. पुराणातल्या स्त्रिया आपल्या डोळ्यांत बसल्या आहेत त्या याच चित्रकाराच्या: भरजरी नेसूच्या, देखण्या, बहुधा कुणाची तरी वाट पाहणाऱ्या.

चित्रकार नलिनी मलानी यांची सीता अशी वाट पाहत नाही.

मलानी यांचा जन्म 1946 चा, कराचीचा. फाळणीत घर सुटले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून त्यांनी 1969 मध्ये पदविका घेतली. पुराणकथा त्या वापरतात, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची असते; पात्राची ओळख करून देण्यात वेळ जात नाही. मात्र त्या निवडतात कुणाला? ग्रीक कथेतली कॅसांड्रा, जिचे भविष्य खरे ठरते पण कुणी ऐकत नाही. मेडेया, जिने नवऱ्यासाठी माहेर तोडले आणि त्याने दुसरी केल्यावर स्वतःची मुले मारली. मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात 1993 मध्ये जर्मन नाटककार हायनर म्युलर यांच्या मेडेयावरील नाटकासाठी त्यांनी अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्याबरोबर काम केले. पुढे एका चित्रात त्यांनी सीता आणि मेडेया शेजारी आणल्या. एक सोसणारी, दुसरी सूड घेणारी. दोघींना टाकले मात्र नवऱ्यानेच. हे धाडस सर्वांना रुचणार नाही, आणि मेडेयाची कथा ठाऊक नसेल तर निम्मे चित्र हातून निसटते, हेही खरे.

त्यांची पद्धत जुन्या काचचित्रांची. पारदर्शक पृष्ठभागाच्या मागून रंगवायचे आणि पुढून पाहायचे. त्यामुळे क्रम उलटतो: डोळा, ओठ, दागिना आधी, अंग आणि पार्श्वभूमी शेवटी. चुकले तर वरून रंग चढवून झाकता येत नाही. जर्मनीतल्या कासेलच्या 2012 च्या प्रदर्शनात त्यांनी अशीच रंगवलेली पाच नळकांडी छताला टांगून फिरती ठेवली. त्यांतून प्रकाश सोडल्यावर बायकांच्या आकृत्या सावल्या होऊन भिंतीभर धावत. या कामाचे शीर्षक उर्दू कवी फैज यांच्या कवितेवरून आले, तर आशयात कॅसांड्राबरोबर बंगाली लेखिका महाश्वेतादेवींच्या कथेतली द्रौपदीही होती. 2023 मध्ये मलानी यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला.

एवढे सगळे परके वाटेल, तर जात्यावरच्या ओव्या आठवाव्यात. सीतेचा वनवास, तिचे एकटीचे बाळंतपण, रामावरचा राग हे सारे महाराष्ट्रातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या दळता दळता गायले आहे. मलानींची सीता या ओव्यांच्या नात्यातली आहे, रविवर्मांच्या नायिकांच्या नाही.