बोटांतील मुंग्या आणि घट्ट झालेली अंगठी

जबलपूरच्या एखाद्या मराठी घरातील गृहिणी रात्री बोटांना मुंग्या येऊन जागी होते आणि तो श्रमांचा परिणाम समजून सोसते. बहुधा तसे असेलही. परंतु अंगठी घट्ट होऊन चपलांचे मापही वाढत असेल, तर सावध व्हावे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीत गाठ झाल्यास वृद्धिसंप्रेरक अतिरिक्त स्रवू शकते. मनगटातील मज्जातंतू सुजून आपल्या अरुंद मार्गात दाबला जातो. या दुर्मिळ विकारास १८८६ साली प्येर मारी यांनी ‘ॲक्रोमेगाली’ हे नाव दिले. रक्ताच्या तपासणीने त्याचा सुगावा लागतो. शहरात १९५५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथे सल्ला घ्यावा. मूळ विकार आवरला की हातालाही बहुधा आराम पडतो. म्हणून मनगटाचे दुखणे सांगताना अंगठीची हकीकतही डॉक्टरांस अवश्य सांगावी.