पडद्यावरील रक्तपात आणि आपली नजर

संत ऑगस्टीन यांनी इ.स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या सहाव्या भागात त्यांचा मित्र अलिपियस याची हकिकत आली आहे. कायद्याच्या अभ्यासासाठी रोमला गेलेल्या या तरुणाला ग्लॅडिएटरांच्या प्राणघातक झुंजींचा मनस्वी तिटकारा होता. एके दिवशी मित्रांनी त्याला जवळजवळ ओढतच त्या रंगणात नेले. शरीर नेलेत तरी मन नेता येणार नाही, असा त्याचा निर्धार होता. त्याने बसल्या जागी डोळे घट्ट मिटून घेतले. कान मात्र उघडेच राहिले. कोणी एक योद्धा कोसळला, प्रेक्षकांतून प्रचंड आरोळी उठली आणि कुतूहलापोटी त्याने डोळे उघडले. त्यानंतर त्याला नजर वळवता आली नाही. तोही ओरडू लागला, आणि पुढे तर स्वतः इतरांना त्या खेळांकडे घेऊन जाऊ लागला. कालांतराने हाच अलिपियस थागास्ते या आपल्या जन्मगावी बिशप झाला.

भयपट व रक्तरंजित मालिका आवडीने पाहणाऱ्यांविषयी आपल्याकडे चटकन एक निवाडा दिला जातो, की यांची मनेच विकृत आहेत. अलिपियस विकृत नव्हता, क्रूरही नव्हता. त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात संत ऑगस्टीन विचारतात, की छिन्नविच्छिन्न प्रेत पाहून अंगावर शहारे येतात, मन खिन्न होते, तरी लोक तिकडे धावतात ते का? या ओढीला त्यांनी डोळ्यांच्या वासनेत गणले आहे आणि तिला कुतूहलाचा आजार म्हटले आहे. नाट्यगृहांत नाना अचाट प्रकार दाखवले जातात तेही याच आजारापायी, असे ते नमूद करतात. महामार्गावर अपघात झाला की वाहनांचा वेग का मंदावतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या ओढीमागे शरीराचाही भाग आहे. धोका दिसला की हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात. पडद्यावरचा धोका खोटा आहे हे बुद्धीला ठाऊक असते, परंतु शरीर तेवढे थांबत नाही. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञांनी याविषयी एक उपपत्ती मांडली. प्रसंग संपला तरी शरीरातील उत्तेजना लगेच ओसरत नाही. ती मागे रेंगाळते आणि त्यानंतर येणाऱ्या सुटकेच्या भावनेत मिसळून तिला अधिक तीव्र करते. म्हणजे आनंद भीतीचा नसून भीतीतून सुटल्याचा असतो, आणि भीती जितकी मोठी तितकी सुटका गोड. आकाशपाळण्यातून उतरलेल्या मुलांचे चेहरे आठवावेत.

आल्फ्रेड हिचकॉक यांना हे पक्के ठाऊक होते. लंडनमधील येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेल्या या कॅथलिक दिग्दर्शकाचा ‘सायको’ १९६० साली प्रदर्शित झाला. त्यातील स्नानगृहातील खुनाचे दृश्य जेमतेम पाऊण मिनिटाचे. पण त्यासाठी ७० हून अधिक वेळा कॅमेऱ्याची मांडणी बदलण्यात आली. पडद्यावर वाहणारे रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक होता. चित्रपट कृष्णधवल असल्याने तो खपून गेला. सुरीचा आवाज मिळवण्यासाठी खरबुजात सुरी खुपसण्यात आली. या दृश्याला संगीत नको, असे हिचकॉक यांचे मूळ मत होते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही तंतुवाद्यांच्या किंकाळ्या रचल्या आणि त्या ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदलले. डोळे मिटून घेणारा प्रेक्षकही त्या किंकाळ्यांतून सुटत नाही. आणि शांत डोक्याने पाहिले तर सुरी अंगात शिरताना त्या दृश्यात जवळजवळ दिसतच नाही. जे भयंकर आहे ते पाहणाराच आपल्या मनात पुरे करतो.

आपल्या परंपरेलाही हा प्रश्न नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स या दोघांना रसांच्या पंक्तीत मानाने बसवले आहे. एक हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनी भयानक रसाचे विवेचन करताना ‘शाकुंतला’तील जिवाच्या आकांताने पळणाऱ्या हरिणाचा दाखला घेतला. रसिकाला तेथे जाणवणारे भय ‘मी भ्यालो’ असे नसते आणि ‘तो भ्याला’ असेही नसते. ते कोणा एकाचे उरत नाही, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो, असे त्यांचे म्हणणे. आजीने सांगितलेल्या हडळीच्या आणि मुंजाच्या गोष्टी ऐकताना आपण तिला अधिकच बिलगत होतो. १९९३ साली ‘झी हॉरर शो’ सुरू झाला तेव्हा हीच हौस दूरचित्रवाणीवर आली. अशा भीतीला पाप ठरवण्याची आम्हांला गरज वाटत नाही.

परंतु भीती आणि रक्तपात या दोन वस्तू एक नव्हेत. हर्शेल गॉर्डन लुईस यांचा ‘ब्लड फीस्ट’ हा चित्रपट १९६३ साली आला. निव्वळ रक्त व तोडलेले अवयव यांच्या प्रदर्शनावर उभ्या राहिलेल्या चित्रपटांत तो पहिला मानला जातो. येथे मरणाऱ्या व्यक्तीची आपल्याला ओळखही नसते. तिचे शरीर तेवढे पाहायचे असते. पळणाऱ्या हरिणाबरोबर आपण पळतो, येथे मात्र आपण शिकाऱ्याच्या शेजारी बसलेलो असतो. योगायोगाने त्याच वर्षी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘इंटर मिरिफिका’ हा आदेश प्रसृत केला. नैतिक वाइटाचे चित्रण मनुष्यस्वभाव अधिक खोलवर जाणण्यास उपयुक्त ठरू शकते, हे त्याच्या ७ व्या परिच्छेदात मान्य केलेले आहे. मात्र त्याला संयमाची अट घातली आहे.

ही अट कोठे लागू होते, हे ठरवणे सोपे नाही. मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ २००४ च्या राखेच्या बुधवारी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातील फटक्यांचे दृश्य संपता संपत नाही. अनेक भाविकांनी ते रडत पाहिले. अनेकांना ते असह्य झाले. पुढील वर्षी गिब्सन यांनीच काही मिनिटांची हिंसा कमी करून चित्रपट पुन्हा आणला. या संदर्भात शुभवर्तमान उघडून पाहावे. संत मार्क यांच्या मूळ ग्रीक लेखनात प्रभू येशूला फटके मारल्याचा उल्लेख केवळ एका शब्दात आटोपला आहे. तेव्हाच्या वाचकांना रोमन फटके म्हणजे काय हे ठाऊक होते, म्हणून तपशील दिला नसेल, असे कोणी म्हणेल. आम्हांला मात्र वाटते, की लेखकाला आपली नजर जखमांवर नव्हे तर त्या व्यक्तीवर ठेवायची होती. क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रे आपण दरवर्षी पाहतो. त्यांत रक्त आहे, पण प्रत्येक चित्रात चेहरा दिसतो.

मुलांच्या बाबतीत ही चर्चा बाजूला ठेवून वयाचाच विचार करावा लागतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर यांनी वर्षानुवर्षे मुलांच्या भीतीचा अभ्यास केला. लहानग्यांना दिसण्याची भीती वाटते. ‘हल्क’ हा नायक सज्जन आहे हे सांगूनही त्याचे रूप पालटताना पाहून ती घाबरतात. थोड्या मोठ्या मुलांना मात्र खरोखर घडू शकेल अशा गोष्टीच अधिक छळतात. ‘हे खोटे आहे’ एवढे सांगून पाच वर्षांच्या मुलाची समजूत पटत नाही, ती का, हे यावरून ध्यानात यावे. त्याला कुशीत घ्यावे आणि दूरचित्रवाणी बंद करावी.

चित्रपटगृहांसाठी २०२४ च्या नियमांनी पूर्वीच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग केले आहेत. घरबसल्या आंतरजालावरून पाहिल्या जाणाऱ्या मालिकांना मात्र परीक्षण मंडळाची पूर्वपरवानगी लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्या पुरवणाऱ्या कंपन्या स्वतःच वयोगट ठरवतात आणि १३ वर्षांवरील गटापासून पुढे पालकांना कुलूप लावण्याची सोय त्यांना द्यावी लागते. ते कुलूप आपण स्वतः लावल्याशिवाय लागत नाही, आणि त्याचा क्रमांक घरातील सर्वांत धाकट्यालाच आधी पाठ होतो, हे मात्र नियम करणाऱ्यांच्या ध्यानी आलेले दिसत नाही.