आधी स्वाती गाठा, मग ॲप निवडा

धर्माबादचा अक्षांश साधारण १८.९ अंश उत्तर, आणि स्वाती हा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे १९ अंश उत्तरेला. म्हणून मे सरता सरता रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर पाठ टेकली, की नारिंगी झाक असलेला हा ठळक तारा इथे थेट डोक्यावर येतो. आकाश दाखवणारं मोबाइल ॲप पारखायला धर्माबादकरांना याहून सोपी कसोटी मिळणार नाही. ॲपमध्ये स्वाती डोक्यावर नसेल, तर त्याला तुमचं ठिकाण किंवा वेळ चुकीची मिळाली आहे. लोकेशन चालू करायचं नसेल, तर १८.९ उत्तर, ७७.८५ पूर्व हे आकडे हाताने भरा.

दुसरी कसोटी ध्रुवाची. हात ताठ पुढे धरला, की मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. इथला ध्रुव उत्तर क्षितिजापासून जवळपास दोन मुठी वर. ॲप तो भलतीकडेच दाखवत असेल, तर दोष बहुधा फोनमधल्या होकायंत्राचा. लोखंडी खाट, मोटारसायकल, पत्र्याचं शेड यांच्यापासून लांब सरका आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. काही स्वस्त फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सरच नसतो. मग नकाशा बोटाने सरकवावा लागतो. ॲपसाठी पैसे मोजण्याआधी एवढं नक्की पाहा.

नवख्याने स्काय मॅप घ्यावं, असं माझं मत आहे. गूगलने २००९ मध्ये आणलेलं हे ॲप फुकट आहे आणि नेट नसलं तरी तारे दाखवतं. ओळख वाढली की स्टेलॅरियम. त्यात भारतीय परंपरेची नक्षत्रं निवडता येतात, त्यामुळे मुलांना ओरायनच्या आधी मृग दाखवता येतं. मला ही सोय फार मोलाची वाटते. मात्र पडदा लाल करणारा रात्रीचा मोड आधी लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती क्षणात वाया जातात.

स्टेलॅरियममधल्या ताऱ्यांमागे आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानाचंही काम आहे. स्टेलॅरियमच्या तारासूचीला दीर्घकाळ टायको-२ या २००० सालच्या, सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या सूचीचा आधार होता. ताऱ्यांची संथ चाल काढायला त्या सूचीने शतकापूर्वी सुरू झालेल्या जागतिक छायाचित्र-मोहिमेतली मोजमापं वापरली. त्या मोहिमेत खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा, उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने टिपला. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये ती उभारली. धर्माबाद १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होतं. अनुराधेतले दोन ठळक तारे याच पट्ट्यात येतात. स्टेलॅरियममध्ये ताऱ्यावर बोट ठेवलं की त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, अंश-कलांत दिसते; पडताळून पाहा.