पोथीच्या एकाच ओळीवरील अनेक समासटीपा : मुद्रणांतील एक अडचण

जालना जिल्ह्यांतील जांब हें श्रीसमर्थ रामदासस्वामींचें जन्मस्थान होय (शके १५३०, इ. स. १६०८). त्यांच्या दासबोधाचे दशक वीस व समास दोनशें. ‘समास’ हा शब्द ग्रंथाच्या प्रकरणास लागतो, तसाच पत्राच्या कोऱ्या कडेसही लागतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा समास होय.

जुन्या पोथ्यांच्या समासांत गळलेलीं अक्षरें, पाठभेद व कठीण शब्दांचे अर्थ लिहिलेले आढळतात. अशा शेऱ्याचें मोल तो कोणत्या ओळीचा आहे यावर अवलंबून असतें. म्हणूनच लेखक ओळींत हंसपद काढून समासांतील मजकुराशीं त्याचा संबंध दाखवीत. आतां दासबोधाची एखादी प्रत छापावयाची आहे, आणि तींत एकाच ओळीशेजारीं एका हातानें पाठभेद व दुसऱ्या हातानें अर्थ लिहिला आहे, असें समजूं. छापतांना एक शेरा दोन ओळी खालीं सरकला, तर वाचक तो भलत्याच शब्दास लावील, आणि पुढील संपादक तोच पाठ प्रमाण मानील.

हल्लीं अशा ग्रंथांची जुळणी पुष्कळदां ‘लाटेक’ या संगणकीय पद्धतीनें करितात. डोनाल्ड नुथ यांच्या ‘टेक’वर लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं ती उभारली. तींतील ‘मार्जिनपार’ ही आज्ञा समासांत टीप घालते; परंतु दोन टीपा एकमेकींवर येऊं नयेत म्हणून दुसरी टीप ती आपण होऊन खालीं ढकलते. टीप हलल्याची सूचना केवळ नोंदपत्रांत उमटते. छापील पृष्ठावर तिची खूण नसते.

यावर उपाय तीन आहेत. पहिला असा कीं, दोन्ही टीपा एकाच आज्ञेंत, क्रमांक देऊन, एकाखालीं एक लिहाव्या. मात्र पुढील ओळीसही टीप असल्यास ती खालीं जाण्याचा संभव राहतो. दुसरा, मार्कुस कोम यांचा ‘मार्जिननोट’ हा संच वापरावा. यांतील टीप आपल्या जागेवरून ढळत नाहीं; परंतु त्यामुळेंच एका बाजूच्या दोन टीपा एकमेकींवर छापल्या जातात. यास्तव ‘रिव्हर्समार्जिनपार’नें एक टीप दुसऱ्या समासांत न्यावी, अथवा ती किती खालीं-वर घ्यावयाची तें अंतर आज्ञेच्या शेवटीं द्यावें. तिसरा उपाय संशोधित आवृत्त्यांसाठीं रचलेला ‘रेलेडमॅक’ संच. त्यांत डाव्या व उजव्या समासाच्या आज्ञा निराळ्या असून, एका ओळीच्या एकाच बाजूस अनेक टीपा आल्यास त्या स्वल्पविरामानें जोडल्या जातात. हें चिन्ह ‘साइडनोटसेप’नें बदलतां येतें.

लहान उताऱ्यास पहिला उपाय पुरेसा आहे. संपूर्ण पोथीस, ओळींचे अंकही आपोआप पडत असल्यामुळें, आम्ही तिसरा पसंत करितों. उपाय कोणताही असो, प्रत्येक टीपेबरोबर मूळ पत्राचा व ओळीचा अंक, आणि हस्ताक्षर कोणतें, हें अवश्य द्यावें. म्हणजे छापतांना टीप हलली तरी पुरावा हलणार नाहीं.