ऑनलाइन दुकान, लहान

संकेतस्थळ, विक्रीमंच किंवा मोबाइलवरील संदेशसेवा यांच्या द्वारे मालाची मांडणी, मागणीची नोंद, पैशांचा भरणा व मालाची रवानगी हे व्यवहार करणारा आणि एखादी व्यक्ती, कुटुंब वा मोजके मदतनीस यांच्या बळावर चालणारा किरकोळ विक्रीव्यवसाय. अशा दुकानाला रस्त्यावरील जागेची पागडी व भाडे पडत नसल्याने ते जवळजवळ फुकटात उघडता येते, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. भाड्याचे वाचलेले पैसे ग्राहक मिळविणे, माल पोहोचविणे आणि परत आलेला माल सांभाळणे यांवर खर्ची पडतात व दुकानाचे आयुष्य मुख्यतः याच खर्चावर अवलंबून असते.

न पाहिलेला माल दुरून मागविण्याची पद्धत इंटरनेटपेक्षा पुष्कळच जुनी आहे. अमेरिकेत ॲरन मंटगोमेरी वॉर्ड याने १८७२ मध्ये शिकागो येथून छापील यादीवरून टपालाने विक्री सुरू केली. भारतात टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. पी.ची सोय केली. पार्सल हाती पडल्यावर पैसे देण्याच्या या पद्धतीचा मराठी ग्रंथप्रकाशकांनीही भरपूर उपयोग करून घेतला. मायकेल ऑल्ड्रिच या इंग्रज तंत्रज्ञाने १९७९ मध्ये दूरचित्रवाणी संच दूरध्वनीच्या तारेने संगणकाला जोडून खरेदीचा प्रयोग केला. ॲमेझॉनचे पुस्तकांचे दुकान जुलै १९९५ मध्ये खुले झाले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवेस प्रारंभ झाला. फ्लिपकार्टने २००७ मध्ये बंगलोर येथे पुस्तकविक्रीस सुरुवात केली. २०१० मध्ये माल मिळाल्यावर रोख पैसे घेण्याची पद्धत तिने अंगीकारली, ती व्ही. पी. पी.चीच नवी आवृत्ती होय. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआय प्रणालीमुळे आगाऊ भरणा करणे लहान विक्रेत्याच्या ग्राहकालाही सुलभ झाले.

दुकान दोन प्रकारे मांडता येते. मोठ्या विक्रीमंचावर जागा घेतल्यास गर्दी आयती मिळते. मात्र प्रत्येक विक्रीवर कमिशन द्यावे लागते, शेजारीच तसाच माल कमी किंमतीत मांडलेला असतो आणि ग्राहक मंचाचा राहतो, विक्रेत्याचा होत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर ग्राहक आपला राहतो, पण त्याला तेथवर आणण्याचा भार स्वतःवर पडतो. तयार दुकान-प्रणाली भाड्याने मिळत असल्याने संकेतस्थळ उभारणे आता कठीण राहिलेले नाही. यांपैकी शॉपिफाय या कॅनडातील प्रणालीचा उगम उद्‍बोधक आहे : तिच्या संस्थापकांनी २००४ मध्ये बर्फावर घसरण्याच्या फळ्यांचे ऑनलाइन दुकान काढले होते, फळ्यांपेक्षा दुकानासाठी रचलेल्या प्रणालीलाच अधिक मोल आले. नवशिक्या विक्रेत्याने मंचावर मागणीचा अंदाज घ्यावा आणि नेहमीचे गिऱ्हाईक जमू लागताच स्वतःचे संकेतस्थळ जोडावे, हा क्रम बहुधा कमी जोखमीचा ठरतो.

हिशेबाचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. वस्तूची विक्रीकिंमत १,००० रु., उत्पादनखर्च ६०० रु., वेष्टन ३० रु., रवानगी ८० रु. आणि जाहिरातीचा दर मागणीमागे पडणारा खर्च १५० रु. धरल्यास प्रत्येक विक्रीत १४० रु. उरतात, दहा मागण्यांवर १,४०० रु. दहांपैकी दोन ग्राहकांनी दारात आलेले पार्सल नाकारले, तर माल जसाच्या तसा परत आला असे धरूनही वेष्टन, जाहिरात आणि दुहेरी वाहतूक मिळून प्रत्येकी ३४० रु. बुडतात व हाती केवळ ४४० रु. राहतात. तीन पार्सले परत आल्यास ४० रु. तोटाच होतो. पार्सल पोहोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत नकाराचे प्रमाण अधिक असते. म्हणून आगाऊ भरण्यास थोडी सूट देणे, तसेच रवानगीपूर्वी दूरध्वनीवरून मागणीची खात्री करून घेणे, हे उपाय जाहिरात वाढविण्यापेक्षा अधिक फलदायी असतात.

मालाचे नेमके वर्णन हाही परतावा टाळण्याचाच एक मार्ग आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. तीत महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. हाताने कापलेल्या या चपलेचे माप कारखान्यातील जोड्याच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळतेच असे नाही. तेव्हा पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून देण्याची सूचना, चपलेच्या तळाचे व शिवणीचे छायाचित्र, कारागिराचे गाव आणि चामडे पावसात भिजवू नये ही सूचना विक्रीपानावर असणे आवश्यक आहे. हाच मजकूर शोधयंत्रालाही उपयोगी पडतो. कारण लोक वस्तूचे नाव, माप व गाव लिहूनच शोध घेतात. मजकूर इंग्रजीबरोबर मराठीतही असावा.

प्रसिद्धीसाठी सुरुवातीस मोठा खर्च करणे श्रेयस्कर नव्हे. फ्लिपकार्टच्या संस्थापकांनी आरंभी बंगलोरमधील पुस्तकांच्या दुकानाबाहेर वाचनखुणा वाटल्या होत्या. ग्राहक जेथे आधीच जमतो तेथे जाणे, हे त्यामागील तत्त्व आजही लागू पडते. पार्सलात घातलेली चिठ्ठी, संमतीने घेतलेल्या दूरध्वनी-क्रमांकांवर सणापूर्वी पाठविलेला संदेश, माल घडत असतानाची छोटी चित्रफीत ही साधने स्वस्त आहेत. पैसे देऊन केलेली जाहिरात बंद होताच तिचा ओघ आटतो. जुने गिऱ्हाईक पुन्हा आले, तर वरील उदाहरणातील १५० रु. वाचतात आणि १४० रुपयांचा नफा २९० रु. होतो.

भारतात वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. परराज्यात माल विकणाऱ्यास उलाढाल अल्प असली तरी सामान्यतः नोंदणी करावी लागते. काही हस्तकलावस्तूंना मर्यादित सवलत आहे. मंचावरून केवळ स्वतःच्या राज्यात विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून अटींसह सूट मिळाली. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी लागते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन तिचे निवारण एका महिन्यात करावयाचे असते. ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्याच मालावर अनुकूल अभिप्राय लिहिण्यास हे नियम मनाई करतात. माल संपत आल्याची खोटी घाई निर्माण करणे, ग्राहकाच्या नकळत त्याच्या खरेदीत जादा वस्तू घालणे यांसारख्या क्लृप्त्या ३० नोव्हेंबर २०२३ रोजीच्या मार्गदर्शक सूचनांनी निषिद्ध ठरविल्या आहेत.